मशीन बदलण्याआधी आईंचा दंड मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई बासष्ट वर्षांच्या, अंगाने भरलेल्या. घरच्या मशीनवर त्यांचं बीपी रोज सकाळी वरचं १५५ ते १६५, खालचं ९२ ते ९६. फॅमिली डॉक्टरांकडे संध्याकाळी तेच १३८/८४. डॉक्टरांनी घरची वही बघून टेल्मिसार्टनच्या जोडीला अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी सुरू केली आणि तेव्हापासून उठताना आईंना गरगरतं. परळ स्टेशनच्या जिन्यावर एकदा कठडा धरून थांबावं लागलं. बाबा सडपातळ, त्यांचं त्याच मशीनवर कायम १३०-१३२, त्यामुळे त्यांची काळजी नाही. तर मशीन बिघडलंय का, आणि नवीन कुठलं घ्यावं?

मी लालबाग-परळ भागात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो आणि हा प्रश्न जवळपास याच शब्दांत माझ्याकडे वरचेवर येतो. मशीन बिघडलेलं असू शकतं. पण तुम्ही मशीनचं मॉडेल लिहिलंत, बिलाची तारीख लिहिलीत, सेल कधी बदलले तेही लिहिलंत. आईंच्या दंडाचा घेर किती आणि मशीनच्या पट्ट्यावर कोणतं माप छापलंय, ते मात्र कुठेच नाही. माझ्या लेखी सगळ्यात आधी ते हवं.

त्याआधी गरगरण्याचं बोलू, कारण बाकीचं आठवडाभराने केलं तरी चालेल, हे नाही. आईंना पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. कोणीतरी शेजारी उभं राहा, आणि चक्कर आलीच तर आकड्याच्या नादी न लागता लगेच बसवा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ‘उभं राहिल्यावर प्रेशर पडतंय’ असं आम्ही धरतो. या तपासणीपुरता पट्टा चुकीच्या मापाचा असला तरी बहुधा निभावतं, कारण चूक दोन्ही वेळा साधारण सारखीच असते आणि आपल्याला फक्त फरक बघायचाय. हे आकडे घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मशीन चुकतंय अशी शंका आली म्हणून घरच्या घरी गोळी बंद करू नका. ते ठरवण्याइतकी माहिती अजून तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

आता मूळ मुद्दा. सहसा दवाखान्यातला आकडा घरच्यापेक्षा जास्त येतो. डॉक्टर समोर आले की काही जणांचं बीपी चढतं, शिवाय इथे माणूस गर्दीतून, जिने चढून आलेला असतो. म्हणूनच दवाखान्यात १४०/९० ला हाय बीपी म्हणतात, तर घरी १३५/८५ पासूनच. तुमच्याकडे उलटं आहे: घरचा आकडा वीस-पंचवीसने वर. असं दोन कारणांनी होतं. एक, ते खरंच असतं. सकाळी मोजता तेव्हा आदल्या दिवशीच्या गोळीला चोवीस तास होत आलेले असतात. संध्याकाळी दवाखान्यात जाता तेव्हा सकाळची गोळी अंगात भिनलेली असते. दवाखान्यात ठीक आणि घरी चढलेलं, असं लपलेलं बीपी असतं आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. दुसरं कारण म्हणजे मोजण्यातच खोट. दोघांतलं तुमचं कोणतं, हे दुरून कोणी सांगू नये. पण भरलेला दंड, मशीनसोबत आलेला साधा पट्टा आणि गोळी वाढवल्यावर आलेली गरगर हे तिन्ही एकत्र दिसलं की माझा संशय आधी पट्ट्यावर जातो.

तुम्ही लिहिलंय, ‘रोज मोजतो, दोन-तीनदा मोजतो, आकडे जुळतात, म्हणजे मशीन बरोबर असणार.’ इथेच माणूस फसतो. चुकीच्या मापाचा पट्टा दर वेळी एकाच बाजूला चुकतो. आज जास्त, उद्या कमी असं होत नाही. त्यामुळे दहा आकड्यांची सरासरी काढली तरी चूक जागच्या जागीच राहते, आणि आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून वही अगदी खात्रीची वाटते. तुमच्या डॉक्टरांनाही ती तशीच वाटली असणार; त्यांना दोष देता येत नाही.

तर टेप घ्या. शिंप्याची मऊ टेप, ज्यावर एका बाजूला सेंटिमीटर असतात ती. आईंना खुर्चीत बसवा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा. खांद्याच्या टोकाला हाताला लागतं ते हाड आणि कोपराचं मागचं टोक, यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. आता हात सैल सोडायला सांगा आणि त्या खुणेवर टेप फिरवा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. आलेला आकडा मशीनच्या झाकणाला चिकटवून ठेवा. ब्लाउज शिवताना घेतलेलं दंडघेराचं माप इथे कामाचं नाही. ते बाही जिथे संपते तिथलं असतं, शिवाय शिंपी त्यात सैलपणा धरतो. गेल्या महिन्यात एक काकू मला तेच माप सांगत होत्या, मोजला तेव्हा घेर तीन सेंटिमीटरने वेगळा निघाला.

मग पट्टा उलटून आतल्या बाजूला बघा. तिथे घेराचा पल्ला छापलेला असतो. घरगुती मशीनसोबत बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंमीचा पट्टा येतो, काहींसोबत २२ ते ४२ चा. बहुतेक पट्ट्यांवर एक खुणेची रेषा आणि तिच्यासमोर दोन हद्दीच्या रेषाही असतात; पट्टा गुंडाळल्यावर खूण हद्दीच्या बाहेर गेली तर माप चुकलं. टेप नसली तरी दोन गोष्टींवरून कळतं: हवा भरताना पट्ट्याची चिकटपट्टी चर्रर्र करून सुटते, किंवा मशीन दोन-दोनदा हवा भरून शेवटी एरर दाखवतं. लोक त्यावर पट्टा आणखी आवळून बांधतात, किंवा सुटू नये म्हणून हाताने धरून ठेवतात. मी तर सेफ्टी पिन लावलेला पट्टासुद्धा बघितलाय.

लहान पट्टा आकडा वर का नेतो? पट्ट्याच्या कापडात एक रबरी फुगा असतो. खरं काम तो करतो. गादीखालून पाण्याची नळी गेलीय असं समजा. एका बोटाने दाबून पाणी अडवायचं तर अंगातला सगळा जोर लावावा लागेल, तळहात पसरून दाबलं तर कमी जोरात अडेल. दंडात शीर खोल असते, वर चरबी आणि स्नायू. फुग्याखालचा दाब मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि कडांकडे उतरत जातो. फुगा अरुंद आणि तोकडा असला की वरचा दाब पुरता आत पोचत नाही, म्हणून शीर बंद व्हायला पट्ट्यात जास्त हवा भरावी लागते. मशीन मोजतं पट्ट्यातली हवा. शिरेतलं रक्त त्याला दिसत नाही. ती जास्तीची हवा आईंच्या नावावर बीपी म्हणून लिहिली जाते.

ही गोष्ट काही नवी नाही. इटलीत रिव्हा-रॉची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा आणला तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, आणि पाचच वर्षांत, १९०१ साली, फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं की अरुंद पट्टा आकडा फुगवतो. आज आम्ही शिकवतो तो नियम असा: फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी निदान ४० टक्के. समजा आईंचा घेर ३६ निघाला, तर फुगा सुमारे २९ सेंमी लांब आणि साडेचौदा सेंमी रुंद हवा. डायलच्या मशीनचा नेहमीचा फुगा साधारण २३ लांब आणि १२ रुंद असतो. हे दवाखान्यांनाही लागू आहे. ओपीडीत एकच डायल आणि एकच पट्टा, तोच साठ किलोच्या तरुणाला आणि तोच शंभर किलोच्या आजींना, हे दृश्य मुंबईत दुर्मीळ नाही. पट्ट्याला दवाखान्यात ‘कफ’ म्हणतात; पुढच्या वेळी ‘डॉक्टर, मोठा कफ आहे का?’ असं सरळ विचारा. कित्येकदा तो कपाटात असतो, फक्त काढला जात नाही.

किती फरक पडतो याचं चांगलं मोजमाप अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी केलं. ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. १९५ प्रौढांवर वेगवेगळ्या मापांचे पट्टे आलटून पालटून लावून, स्वयंचलित मशीनवर. ज्यांना खरं तर लार्ज पट्टा हवा होता त्यांना साधा लावल्यावर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. ज्यांना त्याहून मोठा, एक्स्ट्रा लार्ज लागत होता त्यांच्यात वरचा १९.५ ने आणि खालचा ७.४ ने जास्त. आणि ज्यांना लहान हवा होता त्यांच्यात साध्या पट्ट्याने वरचा ३.६ ने कमी दाखवला.

या आकड्यांत तुमच्यासाठी एक मेख आहे. आईंचा घेर ३४-३६ असेल तर एकट्या पट्ट्याने वीस-पंचवीसचा फरक पडण्याची शक्यता कमी. पाचेक त्याचे, उरलेल्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. घेर ४० च्या पुढे असेल तर मात्र सगळा फरक पट्ट्याच्या खाती जाऊ शकतो. म्हणून मी टेपसाठी इतका हटून बसलोय.

आणि कृपा करून १९.५ हा आकडा वहीतल्या आकड्यांतून वजा करू नका. ती गटाची सरासरी आहे. एखाद्याच्या दंडावर फरक पाचचा असेल, एखाद्यावर तीसचा. चरबी किती, दंड वरून खाली किती निमुळता, शीर किती कडक, सगळ्यावर ते ठरतं. घेराप्रमाणे अमुक वजा करा अशी कोष्टकं पूर्वी निघाली होती, पण एका माणसाचं औषध ठरवायला ती भरवशाची नाहीत. चुकीच्या मापाने घेतलेला आकडा दुरुस्त करत बसू नये. नव्याने घ्यावा.

आता बाबा, ज्यांची काळजी नाही म्हणालात. सडपातळ वयस्क पुरुषाचा दंड २१-२२ सेंमी असणं अगदी नेहमीचं. त्यावर आईंचा पट्टा सैल आणि मोठा. मोठ्या पट्ट्याची चूक लहान पट्ट्याएवढी भयंकर नसते, पण ती खाली नेते. १३२ दिसतंय ते खरं १३५-१३६ असू शकतं, आणि घरची रेषा १३५ वरच आहे. घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘बाबांचं नॉर्मल आहे’ हा निकालही त्या पट्ट्याने द्यायला नको होता. त्यांचाही दंड मोजा. बावीसच्या खाली असेल तर त्यांना स्मॉल पट्टा लागेल. घरात मशीन एक असलं तरी पट्टे दोन असू शकतात.

नवीन काय घ्यावं, तर बहुधा फक्त पट्टा. आधी त्याच कंपनीचा, तुमच्याच मॉडेलला चालणारा लार्ज पट्टा मिळतो का ते बघा. साधारण ३२ ते ४२ चा असतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत मॉडेल नंबर सांगून विचारा, जाताना जुना पट्टा पिशवीत टाका म्हणजे नळीचं टोक जुळवून बघता येईल. ‘सगळ्या मशीनला चालतो, साहेब’ म्हणून कोणी दुसराच पट्टा पुढे केला तर घेऊ नका. ही मशीन स्टेथोस्कोपसारखा आवाज ऐकत नाहीत. हवा सोडताना पट्ट्यात नाडीचे जे हेलकावे उमटतात त्यांवरून ती गणित मांडतात, ते गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि ते त्यांच्या त्यांच्या पट्ट्यावर जुळवलेलं असतं. परका पट्टा बसला तरी आकडा बरोबर येईलच असं नाही. त्या मॉडेलला लार्ज पट्टाच नसेल, तर मग मशीन बदला, आणि घेण्याआधी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरच्या तपासून मान्य केलेल्या यादीत ते आहे का ते बघा. २२ ते ४२ चा एकच पट्टा सोयीचा असतो आणि मशीनची तपासणी त्याच पट्ट्यासह झालेली असेल तर चालतो. दंड दोन्ही टोकांना असेल तर मी वेगळा पट्टाच सुचवतो.

घेर ४२ च्याही पुढे असेल किंवा दंड वर खूप जाड आणि कोपराकडे निमुळता असेल, तर सरळ चौकोनी पट्टा खालच्या बाजूला उघडा पडतो. अशांसाठी निमुळते पट्टे असतात. तेही न जमल्यास तपासलेलं मनगटी मशीन हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग आहे, पण त्यात मनगट छातीच्या पातळीला धरणं फार काटेकोरपणे पाळावं लागतं. बोटाला लावायची बीपी मशीन घेऊच नका.

आता उरलेला फरक, जो पट्ट्याचा नाही. पहिला संशय ब्लाउजच्या बाहीवर. घट्ट बाही वर सारून तिच्याखाली पट्टा बांधला की बाही दंडाला आवळते आणि माप बिघडतं. मोजताना गाऊन किंवा सैल बाहीचं काहीतरी घालायला सांगा. दंड उघडाच असावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंमी वर, नळी किंवा बाणाची खूण शिरेवर, आणि पट्ट्याखाली दोन बोटं कशीबशी जातील इतकाच सैल. दुसरा संशय हात कुठे ठेवता त्यावर. पलंगावर बसून हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ३.९ ने आणि बाजूला लोंबता सोडला तर ६.५ ने फुगतो, असं २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्याच एका प्रयोगात दिसलं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, हे जमलं पाहिजे; टेबल बुटकं असेल तर खाली उशी घाला. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, लघवी तुंबलेली नाही. आणि गप्प. आपल्या घरांत सकाळी हे सगळ्यात अवघड. पट्टा फुगत असतो आणि त्याच वेळी दूधवाल्याचा हिशेब, कुकरची शिट्टी, ‘किती आलं गं?’ हे सगळं चालू असतं. चहा झाल्यावर अर्धा तास तरी थांबा. माझ्याकडे पेशंट पहिल्या मजल्यावर चढून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आत दंड पुढे करतात. त्यांना मी बाकावर पाच मिनिटं बसवतो, मग हात लावतो.

इथवरचं एकत्र केलं तर तुमचं काम असं. दोघांचे दंड मोजायचे, पट्टा मागवायचा, आणि योग्य पट्टा आल्यावर जुन्या वहीचं पान मिटून सात दिवस नव्याने लिहायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, दर वेळी पाच मिनिटं स्वस्थ बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन आकडे, दोन्ही लिहायचे. चांगला आला तो ठेवून वाईट खोडायचा नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर बघा आणि ज्या हातावर जास्त येतं तो हात कायमचा ठरवा; दोन हातांत सतत १५-२० चा फरक दिसला तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा. आईंची नाडी अनियमित असेल तर हा सगळा हिशेब थोडा बदलतो, कारण तेव्हा मशीन दर वेळी वेगळं सांगू शकतं. दोनऐवजी तीन आकडे घ्या. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात शक्यतो टाळा, आणि डायलिसिससाठी शीर जोडलेली असेल तर तो हात कधीच वापरू नका.

सात दिवसांनी वहीबरोबर मशीन आणि नवा पट्टाही दवाखान्यात न्या. डॉक्टरांना सांगा की आधीचे आकडे लहान पट्ट्याने घेतलेले होते. त्यांच्यासमोर, त्याच हातावर, आधी त्यांच्या मशीनने, दोन मिनिटांनी तुमच्या मशीनने, असं दोन-तीनदा आलटून पालटून घेता येतं. त्यांचाही पट्टा मोठाच असला पाहिजे, नाहीतर दोन चुकांची तुलना होईल. पाचेकचा फरक राहिला तर मशीन ठीक आहे. सतत दहाच्या वर राहिला तर तेव्हा मशीन बदलायचा विचार करा. नव्या आकड्यांत सरासरी १३५/८५ च्या खाली आली आणि उभं राहिल्यावर प्रेशर पडतंय असंही दिसलं, तर दुसरी गोळी कमी करायची का हे डॉक्टर तिथेच ठरवतील. योग्य पट्ट्यानेही १५५ च आलं, तर आईंचं सकाळचं बीपी खरंच जास्त आहे, औषध वाढवण्याचा निर्णय बरोबर होता, आणि मग गरगरण्याचं कारण वेगळं शोधायला हवं: गोळ्यांच्या वेळा, पाणी कमी पिणं, रक्त कमी असणं, कानाचा त्रास. दरम्यान कधीही १८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलताना जीभ जड होणं किंवा हातापायातली ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर पट्ट्याचं माप, टेप, माझं हे उत्तर सगळं बाजूला ठेवून आईंना थेट हॉस्पिटलात न्या.